मतलई वाऱ्याचे दिवस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

"मुंबईला थंडी पडते का हो?" हा प्रश्न मला नाशिककरांनी विचारला आहे, पुणेकरांनी विचारला आहे आणि नागपूरकरांनी तर दरवर्षी विचारला आहे. विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू असतं. समुद्राकाठच्या गावाने थंडीच्या गोष्टी करणं म्हणजे वाळवंटाने पुराच्या आठवणी सांगण्यासारखं आहे, असं त्यांना वाटतं.

माझ्या सासूबाई नागपूरच्या. सासरे गेल्यानंतर त्या आमच्याकडे बोरिवलीला राहायला आल्या, त्याला आता वीसेक वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी गॅलरीतून शेजारचे काका पाहिले. माकडटोपी, मफलर, हातमोजे असा सगळा सरंजाम अंगावर चढवून ते दूध आणायला निघाले होते. बाहेर अठरा अंश तापमान असावं. "अगं, हे कुठं निघाले, बद्रीनाथला का?" सासूबाईंनी मला विचारलं. त्यांनी नागपूरहून आणलेली जाडजूड गोधडी आमच्याकडे पहिली पाच वर्षं बिछान्याखालीच अंथरली गेली.

पण श्रोतेहो, मुंबईकराच्या थंडीला सरकारी मान्यता आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. हवामान खात्याचा नियमच आहे. मैदानी प्रदेशात थंडीची लाट म्हणायची, तर किमान तापमान दहा अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उतरावं लागतं आणि ते सरासरीहून निदान साडेचार अंशांनी कमी असावं लागतं. किनाऱ्यावरच्या गावांसाठी मात्र ही मर्यादा पंधरा अंशांची आहे. म्हणजे नागपूरकर ज्या पंधरा अंशांत सदऱ्यावर फिरतात, त्याच पंधरा अंशांत मुंबईला थंडीची लाट येऊ शकते. किनाऱ्यावरची माणसं या बाबतीत थोडी हळवी असतात, हे खात्याने मोठ्या मनाने समजून घेतलं आहे. हा नियम मी सासूबाईंना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला ग्रेस मार्क देऊन पास करतात, असं म्हण ना!"

मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. 'खारे वारे आणि मतलई वारे' हा धडा तुम्हालाही आठवत असेल. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, ते मतलई वारे. परीक्षेत दोन गुणांना येणारा हा फरक. पण मुंबईच्या हिवाळ्याचं सगळं गुपित या दोन गुणांत आहे.

जानेवारीतसुद्धा मुंबईजवळच्या अरबी समुद्राचं पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं. एवढी मोठी कोमट पाण्याची परात शेजारी असल्यावर थंडी पडणार कुठून? ती येते मतलई वाऱ्याबरोबर. तिकडे हिमालयात बर्फ पडून गेलं, की दोन-तीन दिवसांनी उत्तरेकडचा कोरडा वारा राजस्थान, गुजरात ओलांडून खाली सरकतो. इथल्या मतलई वाऱ्याला मग जोर चढतो. एरवी सकाळी उशिरापर्यंत माघार घेणारा हा वारा अशा दिवसांत दुपारपर्यंत ठाण मांडून बसतो. खाऱ्या वाऱ्याला यायला उशीर होतो. पहाटे पंधरा-सोळा अंश, ओठ फुटलेले, हातापायांना खोबरेल तेल, आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता तापमान बत्तीस! सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, असा हा आमचा हिवाळा. कोरडी हवा असल्यामुळे त्या बत्तीस अंशांतही सावलीत उभं राहिलं की घाम येत नाही. मे महिन्यातल्या चिकचिकाटाला सरावलेल्या मुंबईकराला एवढं सुख पुष्कळ झालं.

बरं, ही थंडी सगळ्या मुंबईला सारखी मिळते असंही नाही. मुंबईचं तापमान दोन ठिकाणी मोजतात, कुलाब्याला आणि सांताक्रूझला. कुलाबा म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी असलेली चिंचोळी पट्टी. तिथे जानेवारीतलं सरासरी किमान तापमान एकोणीस अंशांच्या वर असतं. सांताक्रूझला तेच सतराच्या आसपास उतरतं. २२ जानेवारी १९६२ या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली, तो मुंबईचा नीचांक. त्याच दिवशी कुलाब्याला ११.७ अंश होते. एकाच शहरात, एकाच दिवशी चार अंशांचा फरक!

हा फरक बघायला वेधशाळेत जायला नको. सकाळी सहाच्या चर्चगेट लोकलमध्ये उभं राहावं. विरारला चढणाऱ्या बायका स्वेटर आणि स्कार्फ घालून चढतात. एरवी ज्या खिडकीसाठी भांडणं होतात, ती खिडकी बंद करण्यावर डब्यात एकमत असतं. बोरिवलीपर्यंत सगळे आखडून बसलेले. अंधेरी आली की गर्दीची ऊब वाढते आणि स्कार्फ सुटतात. वांद्र्याला स्वेटर पर्समध्ये जातात. चर्चगेटला उतरताना डब्यात एकीच्याही अंगावर लोकर दिसत नाही. दीड तासात हिवाळा सुरू होऊन संपतो.

पण मुंबईच्या हिवाळ्याची खरी मौज तापमानात नाही. इतर गावांत थंडी माणसाला घरात घालते. दारं-खिडक्या लावायच्या, पांघरूण ओढायचं, शेगडीजवळ बसायचं. मुंबईत थंडी माणसाला घराबाहेर काढते. याचं कारण सोपं आहे. आमची घरं लहान. पावसाळ्याचे चार महिने छत्री आणि चिखल यांत जातात. ऑक्टोबरात ऊन चटके देतं. मार्चपासून पुन्हा घाम. वर्षातून बाहेर पडून सुखाने चालता येईल, मोकळ्यावर बसता येईल असे दिवस डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. खोली-दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला या दिवसांत अख्खं शहर दिवाणखान्यासारखं वापरायला मिळतं, आणि तेही फुकट.

मैदानांकडे बघा. शिवाजी पार्क, आझाद मैदान, ओव्हल, सगळीकडे एकात एक गुंतलेले क्रिकेटचे सामने. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याचा मिडऑन. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते. २००४ साली ती सुरू झाली. भल्या पहाटे हजारो माणसं धावत सुटतात आणि रस्त्याच्या कडेला त्यांच्याहून जास्त माणसं त्यांना टाळ्या वाजवत उभी असतात. हीच शर्यत मे महिन्यात ठेवली, तर धावणाऱ्यांपेक्षा रुग्णवाहिका जास्त लागतील. डिसेंबरात माहीमला मखदूम शाह बाबांचा उरूस भरतो, तेव्हा मागच्या चौपाटीवर आकाशपाळणे उभे राहतात. नाताळात वांद्र्याच्या गल्ल्यांतून चांदण्या लटकतात. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन लागतं, तिथे भाजी घ्यायला निघालेल्या बायका डेलियासमोर अर्धा अर्धा तास रमतात.

हिवाळा माणसांबरोबर पाहुण्यांनाही बाहेर बोलावतो. मरीन ड्राइव्हला, वर्सोव्याला पांढरे कुरव पक्षी दिसू लागतात. त्यातले बरेचसे तपकिरी डोक्याचे कुरव. लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी त्यांची वीण होते आणि तिथे पाणी गोठायला लागलं की ते आपल्याकडे येतात. नाव तपकिरी डोक्याचे, पण हिवाळ्यात त्यांची डोकी पांढरीच असतात. कानामागे एक डाग तेवढा असतो. मार्चच्या सुमारास परत निघायची वेळ आली की डोकं गडद व्हायला लागतं. लोक त्यांना हौसेने गाठ्या आणि फरसाण घालतात. तेवढं कृपा करून करू नये. मासे खाणाऱ्या पाहुण्याला तळलेलं बेसन मानवत नाही.

दुसरे पाहुणे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलावर ते उतरतात आणि मेपर्यंत राहतात. चिखलातलं शेवाळ हे त्यांचं अन्न. त्यातल्याच रंगद्रव्यामुळे त्यांना तो गुलाबी रंग येतो. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. मी शाळेच्या मुलींना तिथे नेलं होतं. भरतीची वेळ पाहून जावं लागतं. पाणी चढू लागलं की पक्षी काठाकडे सरकतात. एका मुलीने विचारलं, "बाई, यांना आपल्याकडे थंडी वाजत नाही?" म्हटलं, त्यांनाही नागपूरकरांसारखंच हसू येत असेल.

आणि मतलई वाऱ्याचं खरं कौतुक करायचं ते कोळीवाड्यात. वर्सोवा, मढ, उत्तन, अर्नाळा इथे हिवाळ्यात बांबूच्या उंच मांडवांवर बोंबील वाळताना दिसतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. गाठ नाही, खिळा नाही. दिवसभराचं ऊन आणि हा कोरडा वारा मिळाला की दोन-तीन दिवसांत बोंबील खडखडीत वाळतो. पाणी जास्त असलेला हा मासा. दमट हवेत तो वाळण्याआधी खराब होईल. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्यावर मुंबईची किती घरं सुक्या बोंबलावर जेवतात, ते आपल्याला माहीत आहे. ती सगळी बेगमी हे वारेच करतात. आपल्याला जो वारा फक्त ओठ फोडणारा वाटतो, त्यावर कोळणीचं पुढच्या चार महिन्यांचं गणित बसलेलं असतं.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर बाजारात एक चक्कर मारू या. मटार स्वस्त, गाजरं लाल, वालपापडी कोवळी. गुजराती दुकानांबाहेर उंधियूच्या पाट्या लागतात. सुरतेकडून पोंक येतो, आपल्या हुरड्याचा सख्खा भाऊ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या हातगाडीवर येतात. भोगीला बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी. पुढे संक्रांत. डिंकाचे लाडू आमच्याकडे दरवर्षी होतात. ते पचवण्याइतकी थंडी पडो न पडो. लाडवांनी तिच्यासाठी थांबायचं नसतं, असं सासूबाईंचं मत आहे. खाडी ओलांडून अलिबागकडे गेलात तर पोपटी खायला मिळते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरून ते उलटं ठेवतात आणि वरून जाळ करतात. त्या वासासाठी बोटीचं तिकीट काढून जावं.

इथपर्यंत सगळं गोड झालं. आता दुसरी बाजू सांगते.

मुंबई उघड्या समुद्रावरचं शहर. इथली हवा कधी बिघडणार नाही, असं आम्ही समजून चाललो होतो. खारा वारा रोज दुपारी येतो आणि शहर झाडून काढतो, हे खरंच आहे. पण हिवाळ्यात हा झाडूवाला उशिरा येतो आणि लवकर जातो. वारा मंदावतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. खालचा धूर आणि धूळ वर जाऊ शकत नाही. गाड्यांचा धूर, खोदलेल्या रस्त्यांची माती, पाडलेल्या आणि उभ्या राहणाऱ्या इमारतींचं सिमेंट, जाळलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली राहतं. पहाटे जे पांढरं धुरकट दिसतं, त्याला पूर्वी आम्ही कौतुकाने धुकं म्हणायचो. आता त्याला जवळून वास येतो.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. पत्र्यांचं उंच कुंपण, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणं, वगैरे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस हवा फारच बिघडली, तेव्हा बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली बांधकामं थांबवण्याचा निर्णय पालिकेला घ्यावा लागला. बोरिवली, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाला टेकलेलं आमचं उपनगर! जंगलाच्या दारातली ही गत.

ज्या सासूबाई आमच्या थंडीला हसायच्या, त्यांना गेल्या तीन-चार हिवाळ्यांत धाप लागू लागली आहे. वय सत्याऐंशी. त्या रोज पहाटे साडेपाचला खाली उतरून सोसायटीला पाच फेऱ्या मारत. नागपूरच्या आठ अंशांत ज्यांनी अंगणात सडा घातला, त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर पडायचं नाही." त्या घरी येऊन गप्प बसल्या. दोन दिवसांनी म्हणाल्या, "थंडीनं मला कधी घरात बसवलं नाही. तुमच्या हवेनं बसवलं." माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं. मुंबईच्या हिवाळ्याचं सगळं सुख घराबाहेर असतं, हे मी मघाशी सांगितलं. मग बाहेरची हवाच खराब झाली तर या हिवाळ्यात उरतं काय? दिल्लीकर निदान रजईत शिरून थंडी उपभोगू शकतो. आम्हाला तीही सोय नाही.

आणि यात सगळ्यांचं सारखं नुकसान होत नाही. खिडक्या बंद करून हवा शुद्ध करणारं यंत्र लावणारी घरं थोडी. सिग्नलला उभा वाहतूक पोलीस, रस्ता खोदणारा मजूर, फुटपाथवर भाजी विकणारी बाई, पहाटे वर्तमानपत्रं टाकणारा मुलगा, यांना घरात बसा असं कुठला डॉक्टर सांगणार?

मोठ्या गोष्टी न्यायालयाने आणि पालिकेने करायच्या आहेत आणि त्या करून घ्यायला आपण मागे लागलं पाहिजे. पण एक लहान गोष्ट आमच्या सोसायटीत झाली, ती सांगते. आमचे रात्रपाळीचे दोन वॉचमन फाटकाशी शेकोटी करत. त्यात सुका पाला, पुठ्ठे, प्लास्टिकच्या पिशव्या, एकदा तर सायकलचा टायर. धूर सरळ पहिल्या-दुसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांत. सभेत कोणी म्हणालं, दंड करा. सासूबाई सभेला येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दंड कसला करता? बिचाऱ्यांना थंडी वाजते म्हणून ते जाळतात. त्यांना पांघरायला द्या." सगळे क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. मग वर्गणी काढून दोघांना जाड जॅकेट, ब्लँकेट आणि चहाचा मोठा थर्मास दिला. त्यांच्या चौकीला वाऱ्याच्या बाजूने एक पत्रा लावला. थर्मास भरण्याच्या पाळ्या लागल्या. दोन हिवाळे झाले, फाटकाशी शेकोटी पेटलेली नाही. आणि हो, नागपूरची ती गोधडी आता एका वॉचमनच्या अंगावर असते. तिला मुंबईत अखेर काम मिळालं.

यामुळे मुंबईची हवा शुद्ध झाली नाही, हे मला कळतं. पण आमच्या फाटकाची झाली. अशी फाटकं मुंबईत काही थोडी नाहीत.

तेव्हा या हिवाळ्यात काय करावं? बाहेर जरूर पडावं, फक्त वेळ निवडून. पहाटेचा हट्ट सोडावा. ऊन चढल्यावर ते झाकण सैल होतं आणि पुढे खारा वारा सुरू होतो, म्हणून दहानंतरची किंवा दुपारी चार-साडेचारची फेरी बरी. मोबाइलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप आहे. त्यात आपल्या भागाच्या हवेचा निर्देशांक दिसतो. आकडा दोनशेच्या वर गेला, तर म्हाताऱ्यांनी आणि दम्याच्या मुलांनी त्या दिवशी धावपळ करू नये. समोर कचरा जळताना दिसला तर नाक दाबून पुढे जाऊ नये; थांबून विचारावं, जमलं तर विझवावं, नाहीतर तक्रार करावी. बांधकामाचा ट्रक उघडा जात असेल तर त्याचाही नंबर टिपावा. पावसात गटार तुंबलं की आपण फोन करतो ना, तसाच हाही फोन करायचा.

आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन वर्सोव्याला जा, बोंबील कसे टांगतात ते दाखवा. भरतीची वेळ बघून खाडीवरचे रोहित दाखवा. कुठल्याही मैदानाच्या कठड्यावर तासभर बसून अनोळखी मुलांचा सामना बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या. सासूबाई आता सकाळी दहाला खाली उतरतात. पाचाच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत, पण स्वेटर अजून घालत नाहीत. दोन महिन्यांचा हा मोसम, फेब्रुवारी अर्धा सरला की संपतो. मग आहेतच आपले पंखे आणि घामाच्या धारा.